पट्टा चित्रात नाही

१२ मार्च

प्रिय ताई,

फोन करणार होते, पण फोनवर तुझ्या लाँड्रीतली मशीनच माझ्यापेक्षा जास्त बोलते आणि तू तिसऱ्या वाक्याला "ठेवते गं, गिऱ्हाईक आलंय" म्हणून मोकळी होतेस. म्हणून आपलं जुनंच बरं. पत्र मधेच ठेवता येत नाही.

बातमी सांगते. आमच्या चित्रपट मंडळानं यंदाच्या वार्षिक खेळासाठी एक फ्रेंच सिनेमा निवडलाय आणि त्याची मराठी सबटायटल्स करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. गळ्यात पडलंय म्हणते खरी, पण मागून घेतलंय. पंधरा वर्षं क्लासात 'माझं नाव अमुक, मी तमुक ठिकाणी राहते' एवढंच फ्रेंच शिकवून जिभेवर गंज चढला होता. सिनेमाचं नाव 'उत्तरेची खिडकी'. एक म्हातारा चित्रकार, एक शेजारीण, एक खोली. सव्वातीन तास. तो तिला खिडकीशी बसवतो आणि अख्खा हिवाळा तिचं चित्र काढतो. संपलं. धुरानं उजेड गढूळ होतो म्हणून तो शेगडीसुद्धा पेटवत नाही. तिच्या तोंडातून वाफ निघताना दिसते. मध्ये चौदा मिनिटं कुणी बोलत नाही, नुसता कॅनव्हासवर ब्रश घासल्याचा आवाज. सृजनप्रक्रिया इतक्या जवळून दाखवणारा सिनेमा मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

पाहताना सारखं आपलं घर आठवत होतं. बाबांची वरची खोली, तो लाकडी बाक आणि बाकावर तू. पुढच्या महिन्यात बाबांना पंचाहत्तर पूर्ण होतात, म्हणून मंडळानं खेळाच्याच दिवशी त्यांचा सत्कार ठेवलाय. संग्रहालयाकडून त्यांचं 'विश्रांती' हे चित्र मागवून घेतलंय. मेअखेरपर्यंत ते सभागृहाच्या दालनात लागणार. म्हणजे तू लागणार! चौतीस वर्षांपूर्वीची, लांब केसांची, उजवा हात डोक्यावरून मागं टाकून डोळे मिटून बसलेली. अध्यक्षांची फार इच्छा आहे की तू यावंस, चित्राशेजारी त्याच पोझमध्ये बसावंस आणि 'तेव्हा आणि आता' असा फोटो निघावा. तुझा बॉबकट चालेल म्हणाले.

पुस्तिकेसाठी मी छोटासा लेखही लिहिलाय. त्यातलं थोडं तुझ्या परवानगीसाठी उतरवते:

"मी आठ वर्षांची होते. माझी चुलत बहीण चित्रासाठी बसल्या बसल्या झोपली. बाबांनी ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच मला म्हणाले, मनात आकडे मोज. मी शंभरपर्यंत बारा वेळा मोजले. खोलीत ब्रशखेरीज आवाज नव्हता. कला म्हणजे काय, ते मला त्या बाराशे आकड्यांत कळलं."

कसं आहे? खोटी स्तुती केलीस तरी चालेल.

अडचण एकच. सबटायटल दोन ओळींच्या वर जाऊन चालत नाही आणि तेच तेच शब्द आले की प्रेक्षक कंटाळतात. आणि ही बाई सिनेमाभर एकच शब्द घोकत बसते. मी त्याला पाच निरनिराळे मराठी पर्याय शोधले. आहे की नाही तुझी ढब्बू हुशार?

येतेस ना?

तुझी
ढब्बू

•

२० मार्च

ढब्बू,

येत नाही.

एवढं लिहून पाकीट चिकटवणार होते, पण मग तू फोन केला असतास.

तुझ्या पत्रात 'सृजनप्रक्रिया' वाचलं आणि मला टर्पेंटाइनचा वास आला. थट्टा नाही, नाकात आला. मागच्या दारात जाऊन उभी राहिले तेव्हा कुठं मळमळ थांबली. माझ्या दुकानात काय काय येतं ते तुला माहीत नाही. पोरांनी ओकलेल्या चादरी येतात, महिनोन्महिने अंथरुणाला खिळलेल्या माणसांचे कपडे येतात. मी हात घालते, नाक मुरडत नाही. पण तैलरंगाचा डाग घेऊन कुणी आलं तर "होत नाही" म्हणून दारातूनच परत पाठवते. चिमटीतसुद्धा धरत नाही.

तुझ्या त्या म्हाताऱ्याला शेगडी पेटवायला काय धाड भरली होती? धूर होतो म्हणे. मग धुरांडं साफ कर की मेल्या. बाई गारठून चाललीय आणि हा उजेड गाळून पितोय. याला तुम्ही सृजन म्हणता. आम्ही अडाणी माणसं याला दुसऱ्याच्या जिवावर उड्या मारणं म्हणतो. आणि हे बघायला लोक सव्वातीन तास बसणार, वर 'वा वा' करणार. किळस येते मला. सिनेमाची नाही, त्या 'वा वा'ची.

फोटो मला काढायचा नाही. तेव्हाही बसायचं नव्हतं, आताही नाही. दुकान सोडून येताही येत नाही. नवी बाई ठेवलीय, ती अजून चुका करते. वरच्या दांडीवरचे हँगर मला आकडीच्या काठीनं उतरवावे लागतात आणि तिला त्या काठीचीच भीती वाटते.

लेख छापू नकोस. कारण विचारू नकोस. आवडला नाही असं धरून चाल.

ताई

ता. क. बाराशे मोजलेस? नक्की?

•

२६ मार्च

ताई,

कारण विचारू नकोस म्हणालीस म्हणून विचारत नाही, ओळखते. तुला बाबांचा राग आहे. चित्राचं नाव झालं, पुस्तकांत छापून आलं, आणि खाली तुझा साधा उल्लेख नाही. मला ते कळतं गं. पण आता बोलावताहेत ना तुला व्यासपीठावर? बाबा आजही येणाऱ्या जाणाऱ्याला सांगतात, "माझ्याकडे पुष्कळ जणी बसल्या, पण माझ्या पुतणीसारखी कुणी बसली नाही. तोंडातून एक शब्द काढला नाही पोरीनं." याहून मोठं प्रशस्तिपत्रक कुठलं?

आणि सिनेमा न बघता त्यावर थुंकू नये. तू लहानपणापासूनच अशी. पानात पडलेलं न चाखता "नको" म्हणायचीस. पेन ड्राइव्ह पाठवतेय. माझ्या सबटायटल्ससकट आहे, कच्ची आहेत, पण कळेल. सबंध बघ आणि मग मला काय हवं ते बोल.

लेख प्रेसला गेलासुद्धा. तीनशे प्रती, पान नऊ. आता इलाज नाही. तुझ्या पत्रानं मला रडू आलं एवढं सांगून ठेवते.

हो, बाराशेच. मोजण्यात मी कधी चुकत नसे. शंभर झाले की एक बोट मिटायचे. दहाही बोटं मिटली, मग दोन पुन्हा उघडली. इतकं लख्ख आठवतंय. का गं?

ढब्बू

•

२ एप्रिल

ढब्बू,

पाहिला. दोन दुपारी दुकान बंद ठेवून, काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर. वा वा केलं नाही.

मला फ्रेंच येत नाही, पण कान आहेत. ती बाई सारखं 'झे माल, झे माल' म्हणते. आधी वाटलं काहीतरी माल मागतेय. मग लक्ष देऊन ऐकलं. कपड्यांना लावायच्या चिठ्ठ्या समोर होत्या, ती म्हणाली की एक चिठ्ठी बाजूला ठेवायची, असं करत गेले. सतरा झाल्या. 'सतरा वेळा सांगितलं' असं आपण नुसतं म्हणतो. तिनं खरंच सांगितलंय.

आता तू खाली काय लिहिलंयस ते बघ. एकदा 'थकले बाई'. एकदा 'पुरे आता'. मग 'कंटाळा आला', मग 'अवघडल्यासारखं होतंय', आणि एकदा तर 'बरं वाटत नाहीये जरा'. हेच पाच आलटून पालटून. आवाज तोच, शब्द तोच, तोंडही तसंच वाकडं. मग तुझं मराठी दर वेळी वेगळं का?

झे माल म्हणजे काय?

ताई

•

७ एप्रिल

ताई,

चिठ्ठ्या काय मोजल्यास! मंडळातल्या एकालाही हे सुचलं नसतं.

झे माल म्हणजे शब्दशः 'माझ्याजवळ दुखणं आहे'. सरळ मराठीत 'दुखतंय'.

पहिल्या खर्ड्यात मी सगळीकडे 'दुखतंय' असंच लिहिलं होतं. अध्यक्षांना ते फार खटकलं. लोक संध्याकाळ चांगली घालवायला येतात, म्हणाले. मग मी खर्डा बाबांना वाचायला दिला. त्यांनी पेन्सिल घेऊन एकेक 'दुखतंय' खोडलं आणि म्हणाले, "चित्राला बसणारी बाई अशी कुरकुरी वाटता कामा नये. एवढ्या मोठ्या कामासमोर तो शब्द शोभत नाही. काहीतरी मऊ बघ." मला पटलं. बाबांचा कान या बाबतीत पक्का आहे, त्यांनी आयुष्यभर हेच केलंय. मग मी बसून मऊ मऊ शब्द शोधले.

पण तू हे विचारतेस कशाला? आणि बाराशेचं काय ते अजून सांगितलं नाहीस. कोड्यात बोलायची तुझी सवय नाही. मला धास्ती वाटायला लागलीय.

ढब्बू

•

११ एप्रिल

ढब्बू,

म्हणजे 'दुखतंय'. वाटलंच होतं.

आता बस आणि हे एका दमात वाच. मीही एका दमात लिहितेय आणि पुन्हा वाचणार नाही.

त्या वर्षी मी तुमच्याकडे राहून शिकत होते. ताट तुमचं, अंथरूण तुमचं. काकांनी "जरा बसशील का गं" म्हटल्यावर नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? एकोणीस वर्षांची होते. काकूचा निळा गाऊन घालून बाकावर बसायचं, पाठ भिंतीला, उजवा हात डोक्यावरून मागं. करून बघ एकदा. पाच मिनिटं गंमत वाटते. दहाव्या मिनिटाला बोटांना मुंग्या येतात. पंधराव्याला खांद्यात कुणीतरी दाभण फिरवायला लागतं. हात खाली यायला लागला की काका म्हणायचे, "वर." कधी ओरडले नाहीत. कुत्र्याला शिकवतात तसं, प्रेमानं, "वर."

मी एक शब्द काढला नाही, हे साफ खोटं. पहिल्या दिवशी काढला, दुसऱ्या दिवशी काढला, रोज काढला. "काका, दुखतंय." ते म्हणायचे, "छान. हेच धरून ठेव." पाचव्या दिवशी त्यांनी उपाय शोधला. भिंतीत खिळा मारला आणि त्यावरून एक पट्टा सोडला, मनगट अडकवायला. पट्टा कुठला, ते तुला आठवायला हवं. तुझ्या दप्तराचा. चॉकलेटी, पितळी बकलाचा. काकूनं विचारलं तर शिवायला दिलाय म्हणाले. त्यानंतर हात खाली यायचा प्रश्नच मिटला. मी दुखतंय म्हणायचे आणि हात जिथल्या तिथं.

एकविसाव्या दिवशी खिडकी बंद होती, टर्पेंटाइनचा वास कोंडला होता, सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं. डोळ्यांपुढं काळं आलं एवढंच आठवतं. झोपले नव्हते गं मी. बेशुद्ध झाले होते. पडलेसुद्धा नाही, कारण पट्ट्यानं पडू दिलं नाही. अंग बाकावरच खाली घसरलं आणि सगळा भार त्या एका हातावर आला.

आणि काका काढत राहिले.

किती वेळ, ते मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. दोन मिनिटं असतील, त्यांच्या लक्षात आलं नसेल, अशी मी स्वतःची समजूत घालत आले. तुझ्या लेखात आकडा मिळाला. वीस मिनिटं, ढब्बू. वीस मिनिटं त्यांनी तुला मोजायला लावलं आणि मला लटकत ठेवलं.

शुद्धीवर आले तशी ओकले. काकांनी आधी चित्रासकट ईझल मागं ओढला, मग माझा हात सोडवला. हा क्रम मी विसरलेले नाही. तू दारात होतीस, तिथून पट्टा ईझलच्या आड गेला असणार. तिथूनच म्हणालीस, "ताई, किती झोपलीस!" मी हसले असेन. तोंडाला घाण चव होती.

खांदा निखळला होता. काकांचं म्हणणं अवघडलाय, शेक द्या. डॉक्टरला दाखवलं ते आठ दिवसांनी, तोवर व्हायचं ते झालं होतं. हा हात आजही खांद्याच्या वर जात नाही. वेणी एका हातानं घालता येत नाही म्हणून केस कापले. तुला ती फॅशन वाटली, मी वाटू दिली. दुकानातल्या आकडीच्या काठीचंही तेच. अध्यक्षांना सांग, त्या पोझचा फोटो हवा असेल तर पट्टा पुन्हा लागेल.

चित्राला नाव दिलं 'विश्रांती'. एकदा मी संग्रहालयात गेले होते, गुपचूप. शेजारी उभी असलेली बाई म्हणाली, "काय शांत चेहरा आहे! असं आपल्याला का जमत नाही?" बेशुद्ध व्हा, जमेल, असं अगदी ओठांवर आलं होतं.

राग म्हणालीस. राग केव्हाच विरला. राग असता तर भांडले असते. उरलीय ती किळस, आणि ती आली की मी नुसते हात धुते. धंदाही तोच काढला बघ.

तुला सांगितलं नाही, कारण ती तुझी सगळ्यांत लाडकी आठवण. तुझं फ्रेंच, तुझे सिनेमे, सगळं त्या दुपारी सुरू झालं असं तू दहा जणांत सांगतेस. ती तुझ्याकडून काढून घ्यायला जीव होत नव्हता. आता तूच छापायला निघालीस.

लेखाचं काय करायचं ते तू ठरव. पण त्या परक्या बाईचं तरी नीट लिही. ती सतरा वेळा बोलते. माझं एकदाही कुणी लिहून घेतलं नाही.

ताई

•

३० एप्रिल

ताई,

एकोणीस दिवस तुला उत्तर पाठवलं नाही. चार वेळा लिहायला बसले. दर वेळी 'बाबा' हा शब्द आला की पेन थांबायचं.

दप्तर आठवलं. तुझं पत्र वाचता वाचताच आठवलं, बकलासकट. तो सबंध महिना मी दप्तर पोटाशी कवटाळून शाळेत गेले. बाईंनी वर्गात विचारलं, "मांजर आणलंयस का गं?" आणि सगळी मुलं हसली. शिवायला दिलेला पट्टा कधी आलाच नाही, पुढं नवं दप्तर आलं. इतकी वर्षं मी हे एक विनोदी किस्सा म्हणून सांगत होते.

आता काय केलं ते सांगते. पुस्तिका छापून आल्या होत्या. मंडळाच्या कचेरीत बसून पट्टी आणि ब्लेड घेऊन तीनशेच्या तीनशे प्रतींतलं पान नऊ कापलं. पानाच्या पाठीवर अध्यक्षांचं मनोगत होतं, तेही गेलं. त्यांनी मला अजून माफ केलेलं नाही. मग सबटायटल्स उघडली आणि सतराही ठिकाणी 'दुखतंय' लिहिलं. कुठंही मऊ केलं नाही. कुणाला दाखवलंही नाही.

खेळाला सभागृह भरलं होतं. बाबा पहिल्या रांगेत मधोमध, मी त्यांच्या शेजारी. पहिल्या दोनतीन वेळा काही झालं नाही. सहाव्यांदा कुणीतरी खोकलं. नवव्यांदा मागच्या रांगेत कुणी हसलं, अकराव्यांदा हसणारे गप्प होते. एक गृहस्थ उठून गेले. ती चौदा मिनिटं आली ना, नुसत्या ब्रशच्या आवाजाची, तेव्हा कुणाला ब्रश ऐकू येत नव्हता. सगळे ती पुन्हा कधी बोलते याची वाट बघत होते. बाबा मात्र स्थिर बसले होते. एकदाच माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "खोडलं होतं ना मी हे?"

मग सत्कार. बाबा बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "सिनेमातली बाई फार तक्रारखोर दाखवलीय. आमच्याकडे जी पोरगी बसली, तिनं एक शब्द काढला नाही." टाळ्या पडल्या. सवयीनं माझेही हात वर आले होते. मी ते मांडीखाली दाबून ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला बसलो तेव्हा विचारलं. "बाबा, ताई त्या दिवशी झोपली नव्हती ना?"

ते साखर ढवळत होते. ढवळणं थांबलं नाही. "नाही," म्हणाले.

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"वीस दिवस तिच्या कपाळावरची आठी हटत नव्हती. त्या दिवशी गेली. चेहरा सुटला. असं आयुष्यात एकदा मिळतं." मग माझ्याकडे पाहिलं, मी समजून घेईन अशा खात्रीनं, आणि म्हणाले, "आणि उजेड चालला होता गं."

"आणि पट्टा?"

"पट्टा चित्रात नाहीये," म्हणाले. अगदी निर्धास्त. मग बिस्कीट बुडवलं आणि ते तुटायच्या आत अलगद तोंडात घातलं.

मी बेसिनपाशी जाऊन ओकले. चहा जसा गेला तसा बाहेर आला. बाबांनी बाहेरून विचारलं, "पित्त का गं?" आवाजात खरी काळजी होती, ताई. याच माणसानं मला सायकल शिकवली, तापात रात्ररात्र जागून काढली. हे सगळं एकाच माणसात कसं बसतं ते मला कळत नाही आणि त्यांच्या हातचं काही खावंसं वाटत नाही.

आणि स्वतःचीही किळस येते. बाबांनी ते शब्द खोडले तेव्हा मला पटलं होतं. आणि त्याआधी, आठ वर्षांची असताना, मी शहाण्या मुलीसारखी मोजत बसले. एकदा जरी मध्येच ओरडले असते तरी ते थांबले असते.

चित्र अजून दालनात आहे. क्लासला जाताना रोज काचेतून दिसतं. काल आत जाऊन जवळून पाहिलं. तुझ्या मनगटामागची भिंत एका ठिकाणी जरा जाड रंगवलीय. खिळा तिथंच होता ना? लोक समोर उभे राहून 'किती शांत' म्हणतात आणि मला त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटतं. मी काय करू ते सांग.

तुझी
ढब्बू

•

४ मे

ढब्बू,

सोबत पुडकं आहे. तू ते पत्राआधी फोडलं असणार, तुझी सवय मला माहीत आहे.

हो, तोच. काकांनी काम झाल्यावर अडगळीत फेकला होता. तुमच्याकडून निघाले तेव्हा मी माझ्या ट्रंकेत टाकला. कुणी विचारलं तर दाखवायला म्हणून असेल. कुणी विचारलं नाही. दोनदा धुतला, एकदा रॉकेलनं घासला. कडेला तैलरंगाचा निळा डाग आहे तो जात नाही. गिऱ्हाइकांना मी होत नाही म्हणते ते उगाच नव्हे.

मोजल्याचं मनाला लावून घेऊ नकोस. आठ वर्षांच्या पोरीला बापानं मोज म्हटलं की ती मोजते. आणि तू मोजलं नसतंस तर मी अजून 'दोन मिनिटं असतील' म्हणत बसले असते. पान कापलंस ते चांगलं केलंस. अध्यक्षांचं मनोगत गेलं ते त्याहून चांगलं झालं. बाबांशी कसं वागायचं ते मला विचारू नकोस. ते माझे काका आहेत, मी लांब राहू शकते. तुला तिथंच राहायचंय.

काय करू म्हणालीस. काका म्हणतात ते बरोबर आहे, पट्टा चित्रात नाही. पण चित्राशेजारची भिंत मोकळी असेल. तिथं एक खिळा मार आणि हा टांग. तुझ्या दप्तराचा आहे, तुझी वस्तू आहे, अध्यक्षांना विचारायचं कारण नाही. दालनात पाटीशिवाय काही लावत नाहीत, तेव्हा खाली पाटी लाव. तिच्यावर एकच शब्द लिही. तो तुला आता दोन भाषांत येतो.

मी आले असते. पण खिळा मारायला हात वर करावा लागतो. तेव्हा तूच मार.

ताई